चिकटपट्टीची चकती

पहिली गोष्ट, फाटकाचा खांब मी पाडलेला नाही. तो आधीच कललेला होता. गाडी मागे घेताना त्याला जरासा धक्का लागला आणि त्याने संधी साधून अंग टाकलं, एवढंच. पण आमच्या घरात माझं ऐकून घेतो कोण? आवाज ऐकून लेक धावत बाहेर आली. तिने आधी खांबाकडे बघितलं, मग गाडीच्या फुटलेल्या दिव्याकडे आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे. घरात माझी किंमत काय, ते या क्रमावरूनच समजा.

"बाबा, आता पुरे झालं," ती म्हणाली.

"काय पुरे झालं?"

"गाडी चालवणं."

हे कोणाला म्हणाली? मला. ज्या माणसाने अर्ध्या शहराला गाडी शिकवली त्याला. अजूनही रस्त्याने जाताना लोक मला 'मास्तर' म्हणून हाक मारतात. माझी ड्रायव्हिंग स्कूल होती. स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे पायापाशी दुसरा ब्रेक बसवलेला असायचा, आणि त्या सीटवर बसून मी उभा जन्म काढला. शिकाऊ माणूस गडबडला की मी ब्रेक दाबायचो. इतका दाबायचो, की माझ्या पायाखालचं रबरी मॅट टाचेपाशी झिजून त्याला वाटीएवढा खळगा पडायचा. ते मॅट सारखं बदलावं लागायचं.

पास-नापासाची माझी कसोटी साधी होती. मी शिकाऊंना पहिल्याच दिवशी सांगायचो, "ज्या दिवशी मी तुझ्या शेजारी बसून डुलकी काढीन, त्या दिवशी तू पास. तोवर परीक्षेचं नाव काढायचं नाही." लोकांना वाटायचं मास्तर गंमत करतात. गंमत कसली? शेजारच्याला झोप लागली, याचा अर्थ त्याच्या जिवाला घोर नाही. ड्रायव्हर चांगला की वाईट हे आणखी कशावरून ठरवायचं? माझ्या लेकीच्या शेजारी बसून मला कधीच झोप लागली नाही. ब्रेक उशिरा दाबते, वळणावर घाई करते आणि हॉर्न तर असा वाजवते की जणू रस्ता हिच्या सासऱ्यांनी बांधलाय. मी तिला पास केलं नाही, म्हणून तिने दुसऱ्या स्कूलमधून परीक्षा दिली. ते मी अजून विसरलेलो नाही.

बायकोला मी शिकवलंच नाही. "तुला काय करायचंय शिकून? मी आहे ना," असं म्हटलं की ती 'बरं' म्हणायची. तिची जागा माझ्या शेजारी. लांबलांबचे प्रवास केले आम्ही, पण तिचा कधी डोळा लागला नाही. ताठ बसून समोर रस्त्याकडे बघत राहायची. मी चारचौघांत कौतुकाने सांगायचो, "ड्रायव्हरला सोबत हवी म्हणून ही जागी राहते. असं माणूस शोधून सापडायचं नाही." ती खाली बघून हसायची.

असो. तर लेक म्हणाली पुरे, आणि मी म्हणालो अंगात जीव आहे तोवर चालवीन. गाडी माझ्या नावावर आहे. लेक आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहते, जावई बोटीवर कामाला असल्यामुळे वर्षातले बरेच महिने समुद्रात. ती घरोघरी जाऊन पेशंट लोकांचे गुडघे आणि खांदे हलवून देते, म्हणून मीच उदार होऊन गाडीची एक चावी तिला दिलेली. दुसरी माझी.

आता या चावीबद्दलही एकदा बोलून घेतो. ही चावीच नव्हे. काळी, गुळगुळीत, वापरून उरलेल्या साबणाच्या वडीएवढी. खिशात असली की दार उघडतं, बटण दाबलं की इंजिन चालू होतं. फिरवायचं काही नाही, हाताला काही लागत नाही. तिच्या पोटात नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. तो संपला की मालक आणि चोर गाडीला सारखेच.

खांबाचं प्रकरण होऊन थोडेच दिवस झाले असतील, माझी चावी मेली. गाडीपाशी गेलो, दाराला हात लावला, दार ढिम्म. बटणं दाबली, दाबून दाबून अंगठा दुखला. माझीच गाडी माझ्याकडे ओळख नसल्यासारखी बघत उभी.

"सेल गेला असेल," लेक म्हणाली. संध्याकाळी येताना ती नवा सेल घेऊन आली. मी चावीचं झाकण उघडायला बसलो, तेवढ्यात बायकोने हात पुढे केला. "द्या इकडे. तुमची बोटं जाड, मोडून ठेवाल." शिवणाचा डबा घेऊन ती खिडकीपाशी बसली. छोट्या कात्रीच्या टोकाने तिने झाकण उचकटलं, सेल बसवला, झाकण लावलं आणि चावी माझ्या हातात दिली. मी खाली गेलो. दार ढिम्म.

लेकीने दुसऱ्या दुकानातून आणखी एक सेल आणला. बायकोने तोही बसवला. तरी तेच. मी लेकीवर उखडलो. "शिळे सेल आणतेस कुठून? दुकानदार तुला बघूनच देतो वाटतं."

"सेल नवेच आहेत, बाबा. चावीच गेली असेल. राहू दे ना. कुठे जायचं ते सांगा, मी सोडते."

'राहू दे ना' हे ती मऊ आवाजात म्हणाली. माझ्याशी बोलताना माझ्या लेकीचा आवाज मऊ कधीच नसतो. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. तिच्या गाडीत बसून कुठे जाण्यापेक्षा मी पायी हिंडलो. दाढीला पायी, दवाखान्यात पायी. ओळखीचे लोक थांबून विचारायचे, "काय मास्तर, गाडी कुठे?" व्यायाम करतोय म्हणून सांगताना जीभ जड व्हायची.

शेवटी एक दिवस कोणाला न सांगता मी चावी खिशात टाकून चावीवाल्याकडे गेलो. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली त्याचं दुकान. भिंतभर कोऱ्या चाव्या टांगलेल्या, टेबलावर दिवा, दिव्याखाली तो. मला बघून त्याने नमस्कारही केला नाही.

"ओळखलंत का, मास्तर?"

"नाही."

"कसं ओळखाल? तीनदा नापास केलंत मला. माझ्या शेजारी तुम्हाला झोपच येत नव्हती."

"आजही येणार नाही," मी म्हणालो. "चावी बघ."

त्याने मुद्दाम वेळ लावला. आधी फोनवर बोलला, मग चहा संपवला, मग दुसऱ्याच कोणाचं कुलूप घेऊन बसला. मी उभा. खुमखुमी भागवून झाल्यावर त्याने माझी चावी उघडली, आपल्याकडचा सेल घालून ती यंत्रावर बघितली आणि म्हणाला, "चावी तर ठणठणीत आहे." मग त्याने भिंग डोळ्याला लावलं, चिमट्याने माझ्या सेलच्या पाठीवरून काहीतरी सोललं आणि माझ्यासमोर धरलं. मला दिसेचना.

"मास्तर, घरात कोणी दुश्मन आहे का?"

"का?"

"चिकटपट्टी आहे ही. पारदर्शक. सेलच्या मापाची गोल चकती कापून लावलीय. उघडून बघितलं तर सेल जागच्या जागी दिसतो, पण करंट जाणार कसा? मधे ही बया." त्याने चकती उजेडात फिरवली. "कापलीय मात्र झकास. कड बघा, एक कोपरा नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमची लेक! लहानपणी कागदाची फुलं कापायची, कडा अशाच गोल. वर मारे सेल आणून देत होती, मऊ आवाजात 'राहू दे ना' म्हणत होती. माझ्याच घरात, माझ्याच डोळ्यांत धूळ.

"आणि एक सांगू?" चावीवाल्याला आता रंग चढला होता. "सेल काढून फेकला असता तरी तुमची गाडी चालू झाली असती. आत बारीक चिप असते, तिला सेल लागत नाही. चावीच्या पोटात ही लोखंडी पट्टी आहे, हिने दार उघडायचं, आणि चावी बटणाला टेकवून धरायची. गाडीबरोबर पुस्तक येतं, मास्तर. त्यात लिहिलेलं असतं."

"ते पुस्तक मी शिकाऊंना वाचायला लावायचो," मी म्हणालो. "आणखी एक चावी बनवून मिळेल का?"

"मिळेल. गाडी आणा, कागद आणा. आणि घरात असतील नसतील तेवढ्या चाव्या सोबत आणा. नवी चावी जोडताना यंत्र गाडीच्या मेंदूतल्या सगळ्या चाव्या आधी पुसतं, मग समोर असतील तेवढ्या परत शिकवायच्या. जी समोर नसेल ती कायमची बाद."

चकती मी चष्म्याच्या डबीत ठेवली. घरी जाईपर्यंत माझा बेत ठरला होता.

दुसऱ्या दिवशी लेकीची सुट्टी होती आणि दुपारी ती वर झोपली होती. मी गाडी काढली. किती दिवसांनी! इंजिन सुरू झालं तेव्हा मला वाटलं, माझंच कुठलंतरी बंद पडलेलं सुरू झालं. चावीवाल्याने स्टिअरिंगखाली वायर खुपसली, यंत्र मांडीवर घेतलं आणि विचारलं, "ही एकच चावी?"

"एकच."

"नक्की? नंतर बोंब मारत येऊ नका."

"एकच म्हणून सांगितलं ना? कान फुटलेत का तुझे?"

त्याने खांदे उडवले. यंत्राच्या पडद्यावर एक हिरवी पट्टी हळूहळू भरत गेली. तिकडे लेक झोपली होती आणि इकडे तिची चावी मरत होती. मला फार दिवसांनी इतकं बरं वाटलं. नवी चावी मी दाढीच्या सामानाच्या डब्यात, ब्रशखाली लपवली.

सकाळी मी चहाचा कप घेऊन गॅलरीत बसलो. नाटकाला पहिल्या रांगेत बसावं तसा. लेक कामाची बॅग घेऊन तरातरा खाली गेली. दाराला हात लावला. दार ढिम्म. बटण दाबलं. चावी झटकली, फुंकर मारली, पुन्हा दाबलं. माझी चावी मेली तेव्हा मी अगदी हेच सगळं केलं होतं, फुंकरीसकट.

"सेल गेला असेल!" मी वरून ओरडलो.

तिने वर बघितलं. पर्समध्ये तिच्याकडे जास्तीचा सेल होताच. गाडीच्या बॉनेटवर बॅग ठेवून तिने तो बदलला. दार ढिम्म.

"उलटा बसवला असशील!"

"नाही बसवला उलटा!"

"मग शिळा असेल. दुकानदार तुला बघूनच देतो!"

ती फोन काढून कोणालातरी 'थोडा उशीर होईल' म्हणून सांगायला लागली. आवाजावरून रडकुंडीला आली होती. मी चहाचा घोट घेतला. चहा उत्तम झाला होता.

बायको हात पुसत गॅलरीत आली. "काय झालं तिला?"

"चावी मेली तिची."

ती आधी खाली लेकीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. "तुमची चालते?"

"माझी पळते," मी म्हणालो. तिचा चेहरा उतरला. लेकीचे हाल बघवत नसतील, असं मला वाटलं. आईच ती.

लेक टॅक्सी करून गेली. दुपारी ती परत आली ती थेट चावीवाल्याकडून, हे तिच्या चपलांच्या आवाजावरूनच कळलं. मी स्वयंपाकघरात टेबलापाशी बसलो होतो. बायको ओट्यापाशी भांडी विसळत होती. लेकीने तिची मेलेली चावी माझ्यासमोर आपटली.

"तुम्ही माझी चावी पुसलीत?"

"पुसली."

"'घरात एकच चावी आहे' म्हणून सांगितलंत त्याला?"

"माझी गाडी. मी काय वाटेल ते सांगीन."

"बाबा, माझी एक पेशंट आहे. अर्धं अंग गेलंय बाईचं. सकाळी मी गेल्याशिवाय तिला कोणी उठवून बसवत नाही. ती माझी वाट बघत पडून राहिली आज. तुमच्या खेळापायी."

"आणि मी? मी कुत्र्यासारखा पायी हिंडलो ते?" मी चष्म्याची डबी उघडली आणि चकती बोटाच्या टोकावर घेऊन टेबलावर ठेवली. "हे ओळखतेस?"

तिने खाली वाकून बघितलं. नखाने चकती उचलली, उजेडाकडे धरली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काय आहे हे?"

"वा! माझ्या सेलला चिकटवलेलं होतं. करंट जाऊ नये म्हणून. मलाच विचारतेस?"

लेकीने चकतीकडे बघितलं आणि मग आईकडे. आई पाठमोरी उभी होती, धुतलेलीच वाटी नळाखाली धरून पुन्हा धूत होती. लेक गप्प झाली. चोर पकडला की अशीच वाचा बसते, मी मनात म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "मीच लावली."

"कबूल?"

"कबूल. आणि पुन्हा लावीन. तुमच्या हातून कोणी मेलं की मग सांगत बसा, तो आधीच कललेला होता म्हणून."

"जीभ आवर."

"का आवरू? खांबाआधी त्या उभ्या गाडीचा आरसा उडवलात, तोही कललेला होता? शाळेपाशी लाल दिव्यातून गेलात, तो दिवा कललेला होता?"

"चालती हो माझ्या घरातून!"

"होते. आईलाही घेऊन जाते."

नळ बंद झाला. "मी कुठेही जाणार नाही," बायको भिंतीकडे बघत म्हणाली.

"बघ!" मी टेबलावर थाप मारली. "बघितलंस? हिला विचार मी कशी गाडी चालवतो ते. इतकी वर्षं माझ्या शेजारी बसलीय. एकदा तरी 'सावकाश' म्हणाली असेल तर शपथ!"

लेक अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या शेजारी बसून काढलंत. तुमच्या शेजारी कोण बसतं ते एकदा तरी बघा." आणि चकती माझ्याकडे टिचकीने उडवून ती वर निघून गेली. बोलायला काही उरलं नाही की माणसं असली वाक्यं टाकून निघून जातात, असं मी बायकोला म्हणालो. तिने नळ पुन्हा सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाहीर केलं, आज तलावापर्यंत जायचं. जिंकलेल्या माणसाने एकदा तरी मिरवायला नको? "अगं, आवर. चांगले कपडे घाल," मी बायकोला म्हणालो. ती 'बरं' म्हणाली आणि कपाटाशी गेली.

तिला वेळ लागणार म्हणून मी बादली आणि फडकं घेऊन खाली उतरलो. काच पुसली, स्टिअरिंग पुसलं. मग मॅट झटकायला काढले. माझ्या बाजूचं झटकलं, जागेवर ठेवलं. दुसऱ्या बाजूचं दार उघडून शेजारच्या सीटपुढचं मॅट ओढलं आणि हातातच धरून राहिलो.

टाचेपाशी वाटीएवढा खळगा होता. रबर झिजून पापुद्र्याएवढं पातळ झालं होतं, मधे आरपार उजेड दिसत होता. असला खळगा मला कोणी समजावून सांगायला नको. माझ्या स्कूलच्या गाडीत मी असले किती पाडले असतील. पण तिथे माझ्या पायाखाली ब्रेक होता. इथे ब्रेक नव्हता. इथे मॅटखाली काहीच नव्हतं.

पिशवी ठेवत असेल ती इथे, मी स्वतःला सांगितलं. भाजीची जड पिशवी. पण पिशवी असा गोल खळगा पाडत नाही. मॅटच खराब निघालं असेल. मग माझ्या बाजूचं का झिजलं नाही? मी माझी एकेक शंका काढत होतो आणि माझी मीच खोडत होतो.

बायको जिना उतरून आली. चांगले कपडे, केस विंचरलेले, हातात पर्स. माझं लक्ष तिच्या चपलांकडे गेलं. डावी टाच धड होती. उजवीची मागची कड झिजून तिरकी झाली होती.

"निघायचं?" तिने विचारलं, आणि माझ्या हातातलं मॅट बघून ती थांबली.

"हे कधीपासून?"

तिने पर्स या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, "गाडी नवी आली तेव्हापासूनच असेल."

"आणि ती चकती?"

"माझ्या डब्यातली ती छोटी कात्री आहे ना," ती म्हणाली, "तिने गोल चांगलं कापता येतं."

मला ओरडायचं होतं आणि मी ओरडलो. समोरच्या घराची खिडकी उघडली, तरी ओरडलो. "तोंड नव्हतं तुला? इतकी वर्षं मुकाट बसलीस ती? सांगायला काय धाड भरली होती?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला घरी ठेवून एकटे गेला असता."

"मग?"

"मग मी इथे घड्याळाकडे बघत बसले असते. शेजारी बसलं की निदान काय व्हायचं ते दोघांचं होतं."

एवढं बोलून तिने माझ्या हातातून मॅट घेतलं, वाकून सीटपुढे अंथरलं, हाताने सरळ केलं. मग ती आत बसली. पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली. तिची उजवी टाच आपोआप त्या खळग्यात गेली. "चला," ती म्हणाली. "ऊन वाढेल."

माझा भयंकर अपमान झाला होता. लेकीने केलेला अपमान मी उलटवू शकत होतो, हा उलटवता येत नव्हता. आणि लाज वाटत होती. आणि या बाईचा इतका राग आला होता की तिच्याकडे बघवत नव्हतं.

"उतर," मी म्हणालो.

"अहो, काय झालं आता?"

"उतर म्हणतो ना. मागे बस."

ती उतरून मागे बसली. मी वर गेलो, दाढीच्या डब्यातून नवी चावी काढली आणि लेकीचं दार बडवलं. तिने दार उघडताच चावी तिच्या अंगावर फेकली. ती तिला झेलता आली नाही. लहानपणीही तिला काही झेलता यायचं नाही.

"खाली चल. गाडी चालव. तलावापर्यंत."

"मी? कशासाठी? तुम्हीच..."

"बहिरी झालीस का? आणि पुढच्या वेळी आईचं पाप अंगावर घेशील तर जरा नीट खोटं बोलायला शीक. चकतीकडे बघताना थोबाड कसं झालं होतं तुझं."

ती उघड्या तोंडाने माझ्याकडे बघत राहिली. मग चपला घालून माझ्यामागे आली. गाडीपाशी आल्यावर तिने मागच्या सीटवर बसलेल्या आईकडे बघितलं, आईने मान खाली घातली. लेक स्टिअरिंगशी बसली आणि मी शेजारी. माझा बूट बायकोच्या चपलेपेक्षा मोठा, तरी टाच त्या खळग्यात नीट बसली.

लेकीचं ड्रायव्हिंग भिकार आहे, हे मी पूर्वीही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. पहिल्याच वळणावर तिने घाई केली. माझा पाय दाबला गेला. खाली काहीच नव्हतं, नुसता पत्रा.

"काय करताय, बाबा?"

"काही नाही. रस्त्याकडे बघ."

पुढे सिग्नलला तिने ब्रेक इतका उशिरा मारला की मी पट्ट्यात पुढे झेपावलो. आता मात्र मला राहवेना. बघ, म्हणावं, बघ तुझ्या लाडक्या लेकीचे प्रताप, आणि मला नावं ठेव! हे सांगायला मी मान वळवून मागे बघितलं.

बायको झोपली होती.

तिचं डोकं काचेला टेकलं होतं, तोंड जरासं उघडं पडलं होतं. मांडीवरची पर्स घसरून खाली पडली होती, तरी तिला पत्ता नव्हता. आम्ही अजून आमच्या वस्तीच्या बाहेरसुद्धा पडलो नव्हतो. लग्न झाल्यापासून मी तिला गाडीत झोपलेली पहिल्यांदा बघत होतो.

मी पुन्हा समोर तोंड केलं. खिशातून माझी चावी काढली आणि दोन सीटच्या मधल्या कप्प्यात, लेकीच्या चावीशेजारी टाकली. लेकीने तिकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

पुढे एक सायकलवाला आडवा आला. लेकीचा हात सवयीने हॉर्नकडे गेला.

"वाजवलास तर याद राख," मी म्हणालो.